एका विद्यार्थ्याचं शंकासमाधान

मराठीत ‘समाधान’ हा शब्द दोन कामं करतो, आणि इतक्या सहज करतो की आपलं तिकडे लक्षच जात नाही. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की शंकेचं समाधान होतं. दिवसभराचं काम उरकून, चार घास पोटात गेल्यावर ओसरीवर टेकलेल्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, तेही समाधानच. पहिलं डोक्याला मिळतं, दुसरं जिवाला. पण या दोन्ही गोष्टी खरंच एक आहेत का? उत्तर सापडलं की माणूस सुखी होतो का? आणि उत्तर सापडेपर्यंत त्याने काय करायचं?

साडेसोळाशे वर्षांपूर्वी उत्तर आफ्रिकेतल्या एका कॉलेजच्या वयाच्या मुलाला या प्रश्नाने जे धरलं, ते पुढे सोडलंच नाही. त्याचं नाव ऑगस्टिन. पुढे तो बिशप झाला, संत झाला, ख्रिस्ती विचारविश्वाचा आधारस्तंभ झाला. मला मात्र त्या संतापेक्षा तो विद्यार्थी जास्त खुणावतो. कारण त्याच्या गोष्टीत एक पुस्तक आहे, एक आई आहे, आणि त्या दोघांची गाठ जिथे पडते ती जागा पाहिली की दर वेळी थक्क व्हायला होतं.

ऑगस्टिनचा जन्म १३ नोव्हेंबर ३५४चा, तागास्ते गावातला. आज ते अल्जीरियात आहे आणि त्याचं नाव सूक अहरास आहे. वडील पॅट्रिशियस बेताच्या ऐपतीचे, पण मुलाच्या शिक्षणासाठी ऐपतीबाहेर धडपडणारे. पोरगं कमालीचं हुशार. जवळच्या मदौरा गावी शिकायला ठेवलं, पण सोळाव्या वर्षी पैसे संपले आणि वर्षभर त्याला घरी बसावं लागलं. मग गावातला रोमानियानुस नावाचा धनिक पाठीशी उभा राहिला आणि मुलगा कार्थेजला पोचला. कार्थेज म्हणजे बंदर, नाटकं, गर्दी आणि मोकळीक. विषय होता वक्तृत्वशास्त्र. तेव्हा वकिली आणि सरकारी हुद्दे याच वाटेने मिळत, म्हणजे घरच्यांच्या साऱ्या आशा या अभ्यासक्रमावर टांगलेल्या. कार्थेजला गेल्यावर थोड्याच काळात वडील वारले. तिथेच त्याचं एका स्त्रीशी नातं जुळलं आणि विद्यार्थिदशेतच त्याला मुलगा झाला. मुलाचं नाव ठेवलं आदेओदातुस. लॅटिनमधल्या या नावाचा अर्थ ‘देवाने दिलेला’. आपल्याकडे तो मुलगा जन्मला असता तर त्याचं नाव देवदत्त असतं.

एकोणिसाव्या वर्षी, अभ्यासक्रमाच्या ओघात, सिसेरोचं ‘हॉर्टेन्सिअस’ हे पुस्तक त्याच्या हाती आलं. सिसेरोने ते इ.स.पू. ४५मध्ये लिहिलं. त्याच वर्षी त्याची लाडकी मुलगी टुलिया गेली होती आणि सीझरच्या राज्यात राजकारणात त्याला जागा उरली नव्हती. त्या दुःखात त्याने तत्त्वज्ञानाची कास धरली. या संवादात हॉर्टेन्सिअस नावाचा नामांकित वक्ता तत्त्वज्ञान निरुपयोगी असल्याचं सांगतो आणि सिसेरो त्याला उत्तर देतो. सुखी व्हायचं तर शहाणपणावर प्रेम करायला हवं, हा त्या उत्तराचा गाभा. कार्थेजच्या विद्यार्थ्यांनी सिसेरो वाचायचा तो भाषेसाठी, शब्दांची फेक आणि वाक्यांची बांधणी शिकायला. ऑगस्टिनने तो वाचला आणि भाषा बाजूला राहिली, आशयानेच त्याला झपाटलं. पुढे आत्मकथनात तो सांगतो की या पुस्तकाने त्याच्या इच्छाच बदलल्या, त्याच्या प्रार्थनेची दिशा बदलली.

आता यातलं पहिलं नवल. एवढं सामर्थ्य असलेलं ते पुस्तक आज जगात नाही. ‘हॉर्टेन्सिअस’चं पूर्ण हस्तलिखित कुठल्याही ग्रंथालयात नाही. इतर लेखकांनी उतरवून घेतलेले शंभराच्या आसपास तुकडे तेवढे उरलेत. त्यांतले पुष्कळसे नोनिअस मार्सेलस या उत्तर आफ्रिकेतल्याच कोशकाराने दुर्मीळ शब्दांची उदाहरणं म्हणून टिपून ठेवले. बाकीच्यांतले फार मोलाचे तुकडे वाचले ते ऑगस्टिनमुळे. कोशकाराने त्या पुस्तकातले शब्द जपले, विद्यार्थ्याने अर्थ जपला.

पण त्या पुस्तकात ऑगस्टिनला एक गोष्ट खुपली. त्यात ख्रिस्ताचं नाव नव्हतं. सिसेरो ख्रिस्ताच्या आधीच्या शतकातला, तेव्हा ते असणार तरी कसं? तरीही पोराला ती उणीव जाणवली, कारण ते नाव त्याने आईच्या दुधाबरोबर घेतलं होतं. आई मोनिका श्रद्धाळू ख्रिस्ती. बाळाचा बाप्तिस्मा तेव्हा लांबणीवर टाकला जाई, पण दीक्षेची तयारी म्हणून कपाळावर क्रुसाची खूण आणि जिभेवर मीठ, एवढं त्याला लहानपणीच मिळालं होतं. म्हणून त्याने बायबल उघडलं आणि तिथेच ठेच लागली. त्या वेळची लॅटिन भाषांतरं खडबडीत होती. सिसेरोच्या घोटीव वाक्यांवर पोसलेल्या विद्यार्थ्याला ती भाषा गावंढळ वाटली. त्याने पुस्तक मिटलं.

मग तो मानीपंथीयांकडे, म्हणजे मानी नावाच्या धर्मगुरूच्या अनुयायांकडे, वळला. आधी विश्वास ठेवा असं आम्ही म्हणत नाही, आम्ही पटवून देतो, असा त्यांचा दावा होता, आणि हुशार विद्यार्थ्याला दुसरं काय हवं असतं! नऊ वर्षं तो त्यांच्यात राहिला. आईला याचं इतकं दुःख झालं की काही काळ तिने त्याला घरात घेतलं नाही. ३८३मध्ये तो रोमला गेला, ३८४मध्ये मिलानला वक्तृत्वाचा प्राध्यापक झाला. तिथे बिशप अँब्रोज यांची प्रवचनं ऐकायला जाऊ लागला, तीही फक्त बोलण्याची ढब पारखायला. पण सिसेरो वाचताना झालं तेच पुन्हा झालं. शब्दांसाठी कान उघडले आणि शब्दांमागून अर्थ आत शिरला. प्लेटोच्या परंपरेतल्या तत्त्वज्ञांची पुस्तकं त्याने लॅटिनमधून वाचली. डोक्यातल्या गाठी एकेक करून सुटू लागल्या, जीव मात्र अजून अडलेलाच होता.

३८६च्या ऑगस्टमध्ये मिलानच्या एका बागेत तो रडत बसला असताना शेजारच्या घरातून एका मुलाचा की मुलीचा आवाज आला. खेळातल्या गाण्यासारखं ते पोर ‘घे आणि वाच’ अशा अर्थाचं काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होतं. त्याने जवळच ठेवलेली बायबलमधली पौलाची पत्रं उघडली आणि वाचली. तेरा वर्षांपूर्वी भाषा आवडली नाही म्हणून मिटलेलं शास्त्र एकतिसाव्या वर्षी पुन्हा उघडलं गेलं. बागेतली ही गोष्ट जगाला ठाऊक आहे. तिच्यानंतर तीन महिन्यांनी जे घडलं ते फारसं कुणी सांगत नाही, आणि मला तेच जास्त सांगायचंय.

छातीचं दुखणं आणि बसणारा आवाज यांमुळे ऑगस्टिनने प्राध्यापकी सोडली. वेरेकुंदुस या मित्राने मिलानबाहेर कॅसिसियाकम इथलं आपलं घर त्याला राहायला दिलं. एवढं मोठं मन्वंतर झालेला माणूस आता एकांतात जाईल असं आपल्याला वाटतं. हा गेला तो सगळा गोतावळा घेऊन. आई, भाऊ नाविगिउस, लास्तिदियानुस आणि रुस्तिकुस हे दोन चुलत-मावस नात्यातले भाऊ, चौदाएक वर्षांचा आदेओदातुस, आणि लिकेंतिउस व त्रिगेतिउस हे दोन विद्यार्थी. लिकेंतिउस हा त्या रोमानियानुसचाच मुलगा, कवितेच्या नादी लागलेला. ज्याच्या पैशावर ऑगस्टिन शिकला, त्याचा मुलगा आता ऑगस्टिनपाशी शिकत होता. त्रिगेतिउस थोडा काळ सैन्यात काढून आलेला, इतिहासाची आवड असलेला.

तिथल्या चर्चा टिपून घ्यायला लेखनिक असे. पुढे लिहिताना ऑगस्टिनने त्यांवर हात फिरवला असेलच, पण आपल्या हाती आलंय ते एका घरातलं बोलणं, हसण्या-रुसण्यासकट. पहिल्याच वादात दोन्ही विद्यार्थी समोरासमोर ठाकले. सत्य सापडलं नाही तरी मनापासून शोधत राहण्यातच सुख आहे, असं लिकेंतिउसचं म्हणणं. सापडल्याशिवाय सुख कसलं, असं त्रिगेतिउसचं. होस्टेलच्या खोलीत रात्री एक वाजता होणारा हाच तो वाद, आणि आपल्या ‘समाधान’ शब्दाच्या पोटातला प्रश्नही हाच.

१३ नोव्हेंबरला ऑगस्टिनचा वाढदिवस आला. तो बत्तीस वर्षांचा झाला. दुपारचं जेवण मुद्दाम हलकं ठेवलं होतं, डोकं जड होऊ नये म्हणून. बाहेर ढगाळ हवा होती, म्हणून आठही जण घराच्या स्नानगृहात जाऊन बसले. रोमन घरातलं ते निवांत, उबदार दालन. ऑगस्टिनने जाहीर केलं की वाढदिवसाची खरी मेजवानी आता आहे, आणि ती मनासाठी आहे. जे दोन चुलत-मावस भाऊ व्याकरणाच्या शिक्षकाकडेही शिकले नव्हते, त्यांनाही त्याने आग्रहाने बसवून घेतलं होतं. त्यांची व्यवहारबुद्धी या चर्चेला हवीच, असं तो सांगतो.

मनाचं अन्न कोणतं, हा पहिला प्रश्न. मोनिका म्हणाली, समज आणि ज्ञान, दुसरं काय? त्रिगेतिउसला ते पटेना. तेव्हा आईने त्याला प्रेमाने पकडलं. आज जेवताना आपण कोणत्या भांड्यातून खातोय हे तुझ्या बऱ्याच वेळाने ध्यानात आलं, असं तूच म्हणालास ना? हात चालत होते, तोंड चालत होतं, आणि तू कुठे होतास? जिथे होतास तिथेच तुझं मन जेवत होतं! एका आईने पानावर बसलेल्या मुलाची तंद्री पाहिली आणि तिच्यातून तत्त्वज्ञानाचा पुरावा काढला. घरोघरी आया हेच पाहतात आणि ‘लक्ष कुठाय तुझं?’ म्हणून विचारतात. या प्रश्नात केवढं काही दडलंय हे मला इथे कळलं.

मग मुख्य प्रश्न. सुखी व्हायचं सगळ्यांनाच असतं, यावर एकमत झालं. हवं ते ज्याच्याजवळ नाही तो सुखी नाही, हेही मान्य झालं. मग हवं ते ज्याच्याजवळ आहे तो प्रत्येक जण सुखी का? मोनिका म्हणाली, हवं असलेलं चांगलं असेल आणि ते मिळालं असेल तर तो सुखी. वाईटाची हाव असेल, तर मिळूनही तो दुःखीच.

ऑगस्टिन आनंदाने हसला. आई, तू तर तत्त्वज्ञानाचा गडच सर केलास, अशा अर्थाचं काही तो म्हणाला. मग त्याने सिसेरोच्या ‘हॉर्टेन्सिअस’मधला उतारा सगळ्यांना सांगितला. जे योग्य नाही त्याची इच्छा करणं हे इच्छा अपुरी राहण्याहून वाईट, असा त्याचा आशय.

इथे जरा थांबायला हवं. एकोणिसाव्या वर्षी ज्या पुस्तकाने त्याला घरापासून, आईच्या श्रद्धेपासून दूर नेलं, त्याच पुस्तकाच्या माथ्यावर आई आधीच पोचलेली होती. सिसेरो न उघडता, आपल्या वाटेने, प्रार्थना करत. तेरा वर्षं रानोमाळ भटकून मुलगा शिखरावर आला आणि पाहतो तर तिथे आई! आणि नवलावर नवल म्हणजे हरवलेल्या ‘हॉर्टेन्सिअस’मधला तो उतारा आज आपल्याला वाचायला मिळतो, त्याचं एक कारण हा प्रसंग आहे. आई बोलली म्हणून मुलाला तो आठवला, मुलाने तो लिहिला, म्हणून तो उरला.

उत्सुक लिकेंतिउस म्हणाला, मग सुखी व्हायला नेमकं काय हवं ते सांगून टाका. ऑगस्टिनने त्याला थोपवलं. तुझ्या वाढदिवसाला मला बोलाव, तू वाढशील ते मी खाईन. आज माझ्याकडे आला आहेस, तर तयार नाही ते मागू नकोस.

तरी दोर पुढे सरकत गेला. जे नशिबाच्या फेऱ्यात हातचं जाऊ शकतं, त्यावर सुख उभं राहत नाही. मग कायम टिकणारं काय? देव. ‘देव असणं’ म्हणजे काय, यावर तीन उत्तरं आली. लिकेंतिउस म्हणाला, जो चांगलं जगतो त्याच्याजवळ देव आहे. त्रिगेतिउस म्हणाला, जो देवाच्या इच्छेप्रमाणे वागतो त्याच्याजवळ. सगळ्यांत धाकटा आदेओदातुस म्हणाला, ज्याच्या मनात अशुद्ध आत्मा नाही त्याच्याजवळ. आजीला तिन्ही आवडली, नातवाचं सगळ्यांत जास्त.

चर्चेच्या तिसऱ्या दिवशी सकाळचे ढग पांगले आणि दुपार लख्ख झाली. मंडळी खालच्या हिरवळीवर जाऊन बसली. उदाहरण निघालं सेर्गिउस ओराताचं, तेही ‘हॉर्टेन्सिअस’मधूनच. हा जुना रोमन श्रीमंत कालवांची शेती आणि गरम स्नानगृहं यांसाठी प्रसिद्ध होता. धनदौलत, मित्र, प्रकृती, सगळं त्याला लाभलेलं. त्याला काही कमी होतं का? लिकेंतिउस म्हणाला, हे सगळं जाईल ही भीती त्याला असणारच, आणि तो जितका हुशार तितकी जास्त. ऑगस्टिनने पेच टाकला. भीती असणं वेगळं आणि उणीव असणं वेगळं. ओराताला उणीव कशाची? सगळे अडखळले. मोनिका म्हणाली, शहाणपणाची. चांदी नसती तर त्याला आपण गरजू म्हटलं असतं, मग शहाणपण नसताना का म्हणू नये? सगळ्यांच्या तोंडून वाहवा निघाली. ऑगस्टिन तर थक्कच झाला. तत्त्वज्ञांच्या ग्रंथांतून काढून शेवटी मांडायचं म्हणून त्याने राखून ठेवलेला मुद्दा हाच होता.

मग शहाणपण म्हणजे काय? ऑगस्टिनचं उत्तर आपल्या कुठल्याही आजीला पटेल असं आहे. शहाणपण म्हणजे मनाचं माप. मन उतू जाऊन हाव, चैन, गर्व यांत सांडत नाही, आणि आकसून भीती नि दुःख यांत चिमटत नाही. भांडं जसं काठोकाठ, नीट भरलेलं असावं तसं. इथवर तर्काने येता येतं, सिसेरो इथवर सोबत करतो. पुढचं पाऊल श्रद्धेचं. ते माप मुळात कुणाचं, या प्रश्नाला ऑगस्टिन ख्रिस्ताचं नाव देतो. एकोणिसाव्या वर्षी पुस्तकात न सापडलेलं नाव अखेर आपल्या जागी येऊन बसतं. मोनिकाला तेव्हा अँब्रोज यांच्या स्तोत्रातली ओळ आठवते आणि विश्वास, आशा, प्रीती यांच्या बळावर आपण त्या सुखाकडे जाऊ, असं ती सांगते. त्रिगेतिउस म्हणतो, असं रोज वाढलंत तर किती बरं होईल!

श्रद्धा आणि तत्त्वज्ञान यांत एक निवडावं लागतं, असं आपण विद्यार्थ्यांना फार सहज सांगतो. प्रश्न विचारणारा पोरगा घरापासून तुटला, असं धरून चालतो. कॅसिसियाकमच्या त्या हिरवळीवर दोन्हींची ओळख पटली, आणि ती पटली कारण प्रश्न विचारणारा मुलगा आणि प्रार्थना करणारी आई एकाच घोळक्यात बसली होती. तुमच्या वाचनातल्या पुस्तकांत अशा वादात बायका कधी असतात का, असं मोनिकाने नंतर एकदा विचारलंही. ऑगस्टिनने तिचं म्हणणं लिहून घ्यायला लावलं. शहाणपणावर प्रेम करणं हेच तत्त्वज्ञान असेल, तर मी तुझा शिष्य व्हायला तयार आहे, अशा आशयाचं उत्तर त्याने दिलं.

३८७च्या ईस्टरला मिलानमध्ये अँब्रोज यांनी ऑगस्टिन आणि आदेओदातुस यांना बाप्तिस्मा दिला. त्याच वर्षी आफ्रिकेला परतताना ओस्तिया बंदरात मोनिका वारली. तेव्हा तिला छप्पन्नावं वर्ष चालू होतं. आदेओदातुसही थोड्याच वर्षांत गेला, ऐन कॉलेजच्या वयात. १९४५मध्ये ओस्तियात मुलांनी खेळासाठी खांब रोवायला खड्डा खणला आणि मोनिकाच्या थडग्यावरच्या शिलालेखाचा तुकडा वर आला.

आपल्याजवळही या मायलेकरांची एक खूण आहे. जुन्या गोव्याच्या टेकडीवर १६०२मध्ये पूर्ण झालेल्या संत ऑगस्टिनच्या चर्चचा जांभ्या दगडाचा मनोरा अर्धा ढासळून उभा आहे. त्याच्या जवळच संत मोनिकाचा मठ आहे, १६०६मध्ये सुरू झालेला. मुलाच्या वास्तूचं छप्पर कोसळलं, तिथलं गवत पावसात हिरवं होतं. आईची वास्तू अजून धड आहे.

म्हातारपणी, सत्तरी ओलांडल्यावर, ऑगस्टिनने आपली सगळी पुस्तकं पुन्हा वाचून त्यांतल्या चुका नोंदवल्या. कॅसिसियाकमच्या त्या संवादाबद्दल त्याने लिहिलं की शहाण्या माणसाचं सुख याच आयुष्यात पुरं होतं, असं तेव्हा म्हणायला नको होतं. पुरं समाधान पुढे आहे, इथे त्याची आशा आहे. आणखी एक गोष्ट त्याला दिसली. आपल्या संग्रहातल्या प्रतीत मधला बराचसा भाग गहाळ होता, आणि पूर्ण प्रत हाती आली नव्हती. ज्याने हरवलेल्या पुस्तकाचे तुकडे जपले, त्याचंच सुखावरचं पुस्तक त्याच्याच घरी अपुरं होतं. त्याने ते तसं नोंदवलं आणि पुढचं पुस्तक वाचायला घेतलं.